फळा पुसणारा बालाजी

मास्तरकीतले किस्से लिहून ठेवू म्हणेपर्यंत पुढचा घडतो. नांदेडच्या आमच्या कॉलेजात यंदा मुलांना ऑनलाइन एकाच फाइलमध्ये मिळून लिहायला शिकवलं, तेव्हापासून तर फारच साठलेत.

हा कोर्स माझ्या बायकोचा. मुलांच्या घरातले जुने शब्द ती आपल्या खात्यावरच्या अशाच एका फाइलमध्ये गोळा करत होती. ती गेली तेव्हा यादी 'प'पर्यंत आली होती. ऑफिसनं सांगितलं, महिनाअखेरीस मॅडमचं खातं बंद होईल. त्याआधी यादी 'ह'पर्यंत नेऊन दुसरीकडे उतरवायची होती.

आधी सरावाची वेगळी फाइल केली. सगळ्यांना लिंक पाठवली. तासाभरानं बघतो, तर शब्द एकही नाही. खालोखाल एकच ओळ, 'मे आय कम इन सर?' प्रत्येकाला 'या' लिहावं लागलं. एकटा मुदखेडचा बालाजी न विचारता आत. लिहिलं होतं, 'आलो.'

"विचारायची पद्धत नाही का रे?"

"सर, आम्ही विचारायच्या आधीच मॅडम 'ये, बस' म्हणायच्या. सवयच गेली."

*

दुसऱ्या दिवशी फाइल कोरी. बालाजी वर्गाचा मॉनिटर. "तास संपला, सर. फळा पुसून ठेवला."

कॉम्प्युटरच्या सरांनी दोन बटणं दाबून सगळं परत आणलं. वर्गातली शबाना बघत होती. "सर, सगळंच परत येतं का?"

"याच्यातलं येतं," मी म्हणालो.

*

वसतिगृहातल्या किनवटच्या चार मुलींत फोन एकच, तोही वॉर्डनबाईंचा. त्यामुळे चौघींचं लिहिणं बाईंच्या नावावर पडायचं. त्यांतल्या सुनीतानं तोड काढली. प्रत्येक शब्दाखाली, 'सांगणारी: आजी. लिहिणारी: सुनीता. फोन: बाईंचा. बाईंनी वाचलं नाही.'

*

शबानाचे अब्बा शिंपी. तिनं 'बखिया' म्हणजे 'शिलाई' असं लिहिलं. मी बाजूला शेरा मारला, 'अर्थ अपुरा.' संध्याकाळी उत्तर आलं.

'मी शबानाचा अब्बा. शिलाई कुणीबी मारतं. बखिया उसवत न्हाई. तसं लिहा.'

तसं लिहिलं.

*

शब्द जमले. आता ते मॅडमच्या फाइलमध्ये न्यायचे होते. टायपिंग सगळ्यांत जलद बालाजीचं. मी बजावलं, "'प'च्या वर हात लावू नको. आणि पुसू नको."

"न्हाई पुसत, सर."

महिन्याचा शेवटचा दिवस आला. दुपारी स्टाफरूममधून फाइल उघडली. 'प'च्या खाली नवा शब्द एकही नव्हता. सकाळी टाकलेली एकच ओळ होती, 'मे आय कम इन मॅडम?'

मी फोन केला. "अरे, खातं आज बंद होतंय. लिहीत का नाहीस?"

"वाट बघून राहिलो, सर."

"कशाची?"

विचारता विचारता ती ओळ पुन्हा वाचली. फोन ठेवला.

पुढचा तास सोडून घरी गेलो. तिच्या लॅपटॉपवर तिचं खातं अजून उघडंच होतं. बालाजीच्या ओळीखाली टाइप केलं, 'ये, बस.'

थोड्या वेळानं खाली 'फ' उमटला.