उरलेली अर्धी दाढी

वसमतला ज्यांच्याकडे मी दर रविवारी दाढी करायला जातो, त्यांचा उजवा हात आताशा थरथरतो. नुसता मांडीवर ठेवला की जास्त थरथरतो आणि वस्तरा धरला की थांबतो. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत एक रस कमी तयार होतो, म्हणून हात असा करतो. तेव्हापासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हात दाखवतात.

"बघून घ्या सर. गोळी घेतली की बराबर ऐकतो. पटलं तर बसा."

मी बसायचो, पण वस्तरा गळ्याशी आला की श्वास धरून ठेवायचो.

गेल्या रविवारी एक गाल झाला आणि त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"आज न्हाई ऐकून राहिला," ते शांतपणे म्हणाले. "गोळीला तासभर लागंल. तुमाला काहून थांबवू?"

फेसासकट मला उठवून ते रस्त्यापलीकडच्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या कारागिराशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

"सरांची उरलेली करून दे," ते त्याला म्हणाले. "जबड्याखाली केस उलटे हायेत. सांभाळून."

त्याने माझी दाढी पुरी केली. मग खुर्ची झटकली आणि त्यांना म्हणाला, "आता तुमी बसा. सोताची कधी केली होती?"

तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या गालांवरच्या पांढऱ्या खुंटांकडे गेलं. ते खुर्चीत बसले, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले.