मामूंचा मेंबर

त्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर कुवेतमधल्या फहाहीलला शिंप्याच्या दुकानात आमच्या गावची जमात, म्हणजे गावकऱ्यांची सभा, बसली. ठराव वाचून झाला. माझ्या मामूंनी हात वर केला.

त्या हातामुळे माझी बायको शिकली. गेल्या वर्षी ती गेली. तिच्याविषयी लिहायला बसलो की मन आधी कुवेतला जातं, जिथे ती कधीच आली नव्हती.

मी मॅट्रिक होऊन रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून अहमदीला आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. कुवेतमध्ये अजून आपलेच रुपये चालत. अहमदी हे तेल कंपनीने वसवलेलं गाव. सरळ रस्ते, साहेब लोकांचे बंगले, नळाच्या पाण्यावर जगवलेली झाडं. मी कंपनीच्या स्टोअरमध्ये टायपिस्ट होतो आणि मामू एका अमेरिकन इंजिनिअरच्या बंगल्यात खानसामा. आम्ही एकाच खोलीत राहायचो. मामूंना कुराण वाचता येई, उर्दू जेमतेम, आणि इंग्रजी फक्त स्वयंपाकघरापुरतं. मला वाचायचं वेड होतं आणि वाचायला काही नव्हतं.

बंगल्यातल्या मेमसाबला तिच्या माहेरच्या गावचं वर्तमानपत्र बोटीने यायचं, पाच-सहा आठवड्यांचे अंक एकदम. तिचे वाचून झाले की मामू ते मासळी बांधायला घेऊन येत. मी सुरमई ताटात काढायचो आणि कागद उन्हात वाळवायचो. त्या गावात आगगाडीचं फाटक कधी बंद असतं, कुणाची गाय विकायची आहे, हे सगळं मला पाठ झालं. आणि दर अंकात डाव्या कोपऱ्यात एक पत्र असायचं. त्या भागातून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेलेला मेंबर राजधानीतून आपल्या लोकांना लिहायचा की या आठवड्यात मी अमक्या कायद्याला हो म्हटलं, तमक्याला नाही म्हटलं, आणि का म्हटलं.

"काँग्रेसचा हाय? टोपी घालतो?" मामूंनी पहिल्यांदा विचारलं.

"ही काँग्रेस वेगळी, मामू. म्हणजे त्यांची पार्लमेंट."

"मग वाच. बघू काय बोलतो."

अशी सुरुवात झाली. रोज जेवण झाल्यावर मामू विडी पेटवून म्हणत, "आणा त्या मेंबराला." अंक मासळीच्या क्रमाने हाती लागायचे, तारखेच्या नव्हे, त्यामुळे पुष्कळदा मेंबरने आधी मत दिलेलं असे आणि मग त्याच कायद्यावर विचार करायला तो आठवडाभराची मुदत मागायचा. मामू हसून हसून ठसकायचे. "ह्याचं आमच्या जमातीसारखंच!"

मेंबरचं किराणा आणि अवजारांचं दुकान होतं, मागे पीचची बाग होती. दर दोन वर्षांनी त्याला लोकांसमोर उभं राहावं लागे, हे मामूंना फार आवडलं होतं. त्याच्या भागातल्या नदीवर बांध हवा म्हणून त्याने पिच्छा पुरवला, तेव्हा मामू म्हणाले, "पाण्याचा माणूस हाय." परक्या मुलखांना मदत पाठवायला तो दरवेळी विरोध करी. मामू म्हणाले, "परका मुलूख म्हणजे आपणच की रे! द्वाड हाय." काळ्या लोकांना मत टाकताना कुणी अडवू नये, या कायद्याला त्याने हो म्हटलं आणि त्याच्या दुकानाची काच फुटली. ते पत्र मामूंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. हळूहळू मी त्यातली पत्रं कापून मेमसाबने दिलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवू लागलो.

एका बाबतीत मेंबर हटून बसला होता. गावोगावच्या शाळांना राजधानीतून पैसा द्यावा, असा कायदा पुन्हा पुन्हा यायचा आणि तो दरवेळी नाही म्हणायचा. शाळा ज्या गावची, त्या गावाने बघावी. बाहेरच्याने पैसा दिला की उद्या तो हुकूम सोडणार. हे मात्र मामूंना पूर्ण पटायचं, कारण शाळेच्या बाबतीत तेही हटून बसले होते.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर होडीने खाडीपलीकडे जायचं. मुलगे जात. मुलींना कोण पाठवणार? मदरशाच्या अंगणात एक खोली काढावी आणि सातवीपर्यंतचे वर्ग आणावेत, असा ठराव होता. अंगण जमातीचं, आणि जमातीतले निम्मे पुरुष कुवेतमध्ये, म्हणून इथे हात वर झाल्याशिवाय तिथे कुदळ पडत नसे. दोन वर्षांपूर्वी याच दुकानात मामू उभे राहून बोलले होते की मुलीला खत वाचता आलं, लिहिता आलं की पुरे. ते बोलले आणि त्यांच्या मोहल्ल्याचे सगळे हात खाली राहिले. ठराव पडला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामूंची मुलगी चौथी पास झाली आणि घरी बसली. वर्गात पहिली आलेली. आता ती मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांची खतं लिहून द्यायची. कुवेतमध्ये आमच्या गावच्या माणसांना घरून येणारी बहुतेक खतं तिच्याच अक्षरात असत. टपोरं, थोडं डावीकडे कललेलं. मामूंना तिने एकदाच विचारलं होतं: अब्बा, मला खत लिहिता येतं, आता पुढे काय? त्या खताचं उत्तर मामूंनी माझ्याकडून लिहवून घेतलं नाही. खत उशीखाली ठेवलं.

आमच्या जमातीची एक रीत होती. सभेत बोललेला शब्द फिरवायचा असेल तर नुसता हात वर करून चालत नसे. उभं राहून सगळ्यांदेखत म्हणावं लागे: मी माझी जबान परत घेतो. रीत सगळ्यांना ठाऊक होती. तसं करताना कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं.

मग ऑगस्टच्या उकाड्यात तो अंक आला. मेंबरने लिहिलं होतं की या वेळी शाळांच्या कायद्याला मी हो म्हटलं. त्याच्याच भागातल्या एका शाळेत बक्षीस वाटायला तो गेला होता. तिथे मुलं दोन पाळ्यांत बसत, आणि कोळशाच्या कोठीत एक वर्ग भरत होता. बक्षीस घ्यायला आलेल्या मुलीच्या फ्रॉकला कोळसा लागला होता. इतकी वर्षं मी नाही म्हणत होतो, ते चुकलं, असं त्याने सरळ लिहिलं होतं.

मामूंची विडी विझली. "चुकलं असं लिहिलंय? की तू लावतोस?"

"लिहिलंय, मामू."

"छापून?"

"छापून."

त्यानंतर मामूंना एकच घोर लागला. नोव्हेंबरात निवडणूक होती. लोक मेंबरला ठेवतात की काढतात? भाजी चिरताना, धोब्याकडे जाताना, तेच. "आपल्याकडे शब्द फिरवलेल्याला कुत्रं विचारत नाय. तिकडचे काय करतात बघू." जानेवारीत जमात बसणार होती आणि ठराव पुन्हा येणार होता. मामू तोंडाने काही बोलले नाहीत, पण मला कळलं. मेंबर टिकला तर मामू उभे राहतील, पडला तर बसून राहतील, आणि ती मुलगी घरी.

निकालाचा अंक जमातीच्या आदल्या गुरुवारी आला. मामूंनी तो माझ्या हातात दिला आणि ते पाठमोरे होऊन कांदा कापू लागले. मी पहिलं पान उघडलं. मेंबर पडला होता.

मी त्यापूर्वी कधी काही चुकीचं वाचलं नव्हतं. पुस्तकी माणसाची एवढीच काय ती इभ्रत.

"आला, मामू," मी म्हणालो. "निवडून आला."

"किती मतांनी?"

"पुष्कळ."

"बरं," मामू म्हणाले, आणि कांदा कापत राहिले.

शुक्रवारी दुकानात पंचवीसेक माणसं होती. कापडाच्या तागांवर, शिलाईच्या मशीनच्या पाटावर, जागा मिळेल तिथे. थंडी होती, सगळे स्वेटर घालून. ठराव वाचून होताच शिंपी, म्हणजे मागच्या खेपेला मामूंच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोललेला माणूस, कुरकुरला, "ही खोली आता घरात घुसली. माझी बायको खतात लिहिते, खोली बांधाच."

"माझी पण," कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "खाली शेवटच्या ओळीत."

"शेवटच्याच ओळीत? दाखव बघू."

दोघा-तिघांच्या खिशात खतं होती. ती शेजारी शेजारी धरली गेली. टपोरं, डावीकडे कललेलं अक्षर. शेवटची ओळ शब्दाला शब्द तीच. मग शिंपी मामूंकडे वळून म्हणाला, "खानसामा, तुझ्या पोरीने सगळ्या गावाची बायको होऊन आम्हांला हुकूम सोडलाय रे!" आणि दुकान हसण्याने असं भरलं की बाहेरून जाणारा एक अरब दारातून डोकावून गेला.

मामू हसले नाहीत. उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली.

"दोन वर्षांमागे मी इथे बोललो होतो," ते म्हणाले. "मी माझी जबान परत घेतो."

"अरे, काय बोलतोस काय!" कुणीतरी म्हणालं.

"चुकलं माझं. खत लिहिता आलं की पुरे, असं बोललो होतो. बघा, नाय पुरत." आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागे त्यांच्या मोहल्ल्याचे हात वर गेले. शिंप्याने जरा वेळ घेतला. "आता बायकोला तोंड दाखवायचंय मला," असं म्हणत त्यानेही हात वर केला.

अहमदीला परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. बाहेर सपाट वाळू आणि लांबवर जळणारा गॅस. मी म्हणालो, "मामू, एक सांगायचंय."

"पडला ना तो?"

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"मेमसाबच्या भैणीचं खत विमानाने येतं. मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं. मेमसाब रडली पण. आणि तुझा आवाज, भाच्या, खोटं वाचताना मांजराच्या पिल्लासारखा होतो."

"मग तुम्ही कांदा का कापत बसलात?"

"तू काय वाचतोस ते ऐकायचं होतं." मग खिडकीबाहेर बघत: "मी मेमसाबला विचारलं, आता तो काय करतो? बोलली, दुकानात बसतो, झाडांना कलमं बांधतो, लोक सामान घेतात, सलाम करतात. मी बोललो, मग ठीक हाय. एवढंच होणार असेल तर मी करतो."

त्यांना एक काम मात्र राहिल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे कुणाचं काही गेलं की विचारपूस करायला जातात. मेंबरची मेंबरकी गेली, त्याच्याकडे कोण गेलं? एवढ्या लांब जाता येत नव्हतं, म्हणून मामूंनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. मी इंग्रजीत टाइप केलं. मयताच्या घरी जसं बोलतात तसंच त्यांनी सांगितलं: जे झालं ते अल्लाच्या मर्जीने, तुम्ही धीर धरा, खाण्यापिण्याची आबाळ करू नका, आमच्या गावात मुलींची खोली होते आहे. मेमसाबने वाचलं, नाक पुसलं आणि पत्ता घातला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. मेंबरने लिहिलं होतं की कुवेतमधल्या मतदारांकडून आलेलं हे पहिलंच पत्र, आणि निवडणुकीनंतर माझ्या जेवणाची चौकशी फक्त माझ्या बायकोने आणि तुम्ही केली. शेवटी विचारलं होतं, खोलीला खिडक्या किती?

"चार," मामू ताबडतोब म्हणाले, जणू तो समोर बसला होता. "लिही, चार." तेव्हा पाया खणून व्हायचा होता. भिंती चढू लागल्यावर मामूंनी घरी कळवलं ते एवढंच: खिडक्या चारच हव्यात, मी शब्द दिलाय.

त्या खोलीत मामूंची मुलगी पाचवीला बसली. पुढे ती होडीने खाडीपलीकडे गेली, अकरावी झाली, ट्रेनिंग केलं आणि त्याच खोलीत शिक्षिका म्हणून परत आली. आमचं लग्न त्यानंतर झालं. लग्नात शिंप्याने मला कोट शिवून दिला आणि तिच्या हातात एक जुनं खत ठेवलं. "तुझी अमानत," तो म्हणाला. "माझ्या बायकोने त्या खतात काय सांगितलं होतं आणि तू काय घातलंस, ते आज तरी बोल."

ती नुसती हसली. मलाही तिने ना त्या रात्री सांगितलं, ना वर्षाने. पुरी तीस वर्षं घेतली. मग एका दुपारी वह्या तपासताना, मान वर न करता म्हणाली, "दोघींनी सांगितलं होतं. बाकीच्या पाचजणींचं मी घातलं."

"आणि शिंप्याच्या बायकोचं?"

"ती बोलली होती, बदाम पाठव."

आम्ही इतके हसलो की शेजारीण विचारायला आली.

बिस्किटांचा डबा माझ्याकडे आहे. त्यात मेंबरची बावीस कात्रणं आहेत, त्याचं एक पत्र आहे आणि शिंप्याच्या बायकोच्या नावाचं तिच्या अक्षरातलं खत आहे. मामू नाहीत, तीही नाही. खोलीला चार खिडक्या आहेत आणि तिथे पाचवीचा वर्ग भरतो.