भटूनाना आणि हादऱ्याची परीक्षा

दुरुस्त केलेला वायरलेस सेट भटूनानांनी सरळ परत दिलाय, असं कधी झालं नाही. आधी त्याची धिंड निघायची. नंदुरबारच्या बाजारातून स्टेशनकडे पोती नेणारी एखादी बैलगाडी गाठायची, पोत्यांच्या मधोमध सेट आवळून बांधायचा आणि गाडीवानाला बजावायचं, खड्डे चुकवू नको. नाना मागून सायकलवर. स्टेशनवर उतरवला की तिथेच धुळीत उकिडवं बसून बटण फिरवायचे. सेट बोलला की मिशीत हसायचे.

"टेबलवर तं कोनबी गास," ते म्हणत. "गाडीवर गायना तं खरा!"

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. तापीकाठच्या गावांना पुराची खबर द्यायला आमच्या कचेरीनं सेट ठेवले होते. नंदुरबारहून बोलायचं मी, दुरुस्ती नानांची. माणूस तापट, पण मनाचा लोण्यासारखा. सेटमधला काचेचा व्हॉल्व्ह कुणी भीतभीत बसवू लागला की ओरडायचे, "अरे, तुन्हा सासरा शे का तो, इतला घाबरस?"

नानांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. जीव काय तो धाकट्या बहिणीवर, इंदूवर. ती तापीकाठच्या अशाच एका गावात दिलेली. एका श्रावणात तिच्या गावचा सेट दुरुस्तीला आला आणि नेमकी कचेरीची जीप बंद पडली. इंदूचा नवरा रामभाऊ केळी घेऊन बाजारात आला होता, इंदूही सोबत होती. केळी उतरवून रिकामी गाडी परत निघालीच होती, तिच्यावरच सेट पाठवायचं ठरलं. इंदूनं तो उचलून मांडीवर घेतला. नाना हसायला लागले.

"इंदू, मांडीवर कसाले लेस? पोर शे का ते? ठेव खाले."

"फुटी जाई ना, भाऊ."

"मी तपासेल शे, बाई. काही व्हवाव नही."

तिनं ऐकलं. सेट गाडीच्या फळ्यांवर बांधला गेला. गावात पोचल्यावर सेटचा दिवा लागला, म्हणून बोलून न पाहताच सगळे निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस धो धो कोसळला. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, त्या गावाचं उत्तर नाही. सायकलवर माणूस धाडला, तो वाटेतल्या नाल्यापाशीच अडकला. पाणी दिसल्यावर गाव उंचावरच्या देवळाकडे धावलं. नदीकडच्या उतारावरचं रामभाऊचं घर मात्र गेलं. इंदू सापडली नाही.

पाणी ओसरल्यावर नानांनी तसाच एक सेट रिकाम्या गाडीवर बांधून त्याच रस्त्यानं नेला. मी बरोबर होतो. भरलेली गाडी दबून चालते. रिकामी नुसती थयथयाट करते. नानांनी सेट उघडला, तर आतला व्हॉल्व्ह सुटून आडवा पडलेला.

"मी कायम भरेल गाडीवर तपासं," नाना म्हणाले. "रिकामी गाडी तं मी कधी देखीच नही." आणि रस्त्यातच मटकन खाली बसले. इतका मोठा माणूस असा बसलेला मला पुन्हा कधी दिसू नये.

पुढे प्रत्येक सेट ते भरल्या गाडीवर फिरवत आणि रिकाम्यावरही. पण ते हसणं गेलं, गाण्याचं ते वाक्यही गेलं. रामभाऊ बाजारच्या दिवशी येई, जवळ बसे, पीकपाण्याचं बोले. दोष म्हणून एक शब्द नाही. नानांना तेच सोसवत नसे. "त्यानी माले दोन शिव्या देवाले पाहिजे होत्यात," ते मला म्हणत. "मंग माले झोप लागती." अशीच वर्षं गेली. साठ सालानंतर काविळीचं निमित्त झालं आणि नाना गेले.

खांदा द्यायला रामभाऊ पुढे होता. लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"पानी गल्लीमा उनं, तवय मी इंदूले म्हनं, चाल. ती म्हने, भाऊना डबा आजून बोलना नही, म्हनजे पूर लांब शे. मी बैल लिसन पुढे निंघनू, अन् ती दाना बांधत बसनी."

मी त्याच्याकडे वळलो.

"त्याले मी हे कधी सांगं नही," रामभाऊ म्हणाला. "इतला वरीस पोटमा ठेवं. आते सांगं तुमले."

मी त्याचा हात धरला. "बरं केलंत रामभाऊ, नानांना सांगितलं नाहीत ते," एवढंच म्हणालो. चिता अजून धगधगत होती. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.