प्रत्येक दारात एक गोळी

सगुणाला 'नको' म्हणता येत नसे. एवढी तोंडाळ बाई आणि हा एक शब्द तिला येऊ नये, याचं मला फार नवल वाटायचं. बांगडा मऊ निघाला म्हणून कुणी कुरकुर केली, तर आळीच्या खालच्या टोकाला ऐकू जाईल असं उत्तर द्यायची. पण त्याच घरातून कालची वाटीभर आमटी पुढे आली, की मुकाट्यानं घ्यायची, पायरीवर बसून प्यायची आणि वाटी विसळून पालथी घालूनच उठायची. "गिऱ्हाइकाच्या दारात नको म्हणू नये वयनी, गिऱ्हाईक तुटता," असं तिचं म्हणणं. सासूनं डोक्यावर मासळीची पाटी दिली, ती हे बजावूनच दिली होती.

ती मुरुगवाड्याहून यायची. मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी उचलायची आणि ऊन चढायच्या आत आमच्या आळीत हजर. रत्नागिरीतली आमची आळी चढणीची, घरं मोजकी, आणि आम्ही बायका एकीपेक्षा एक. सगुणाचा नवरा महिपत होडीवर खलाशी. तो बराचसा पाण्यावरच असायचा, त्यामुळे घर चालायचं ते सगुणाच्या डोळ्यांवर. बंदरावर ढीग लागले की ती हात न लावता नुसती बघायची आणि कुठला घ्यायचा ते ठरवायची. तिची नजर सहसा चुकत नसे.

पंच्याऐंशी सालच्या थंडीत तिची वरची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला. घास जाईना, पेज तेवढी गिळायची, तीही अर्धी टाकून द्यायची.

मी म्हटलं, "दाढ काढून टाक की."

"वरची दाढ काढली की त्या बाजूचा डोळा जाता. आमच्या वाडीतल्या म्हातारीचा गेला."

"म्हातारीला मोतीबिंदू झाला असेल गो."

"असंल. पण मना डोळा घालवून नाय चालायचा, वयनी."

मी तिला मूर्ख म्हटलं. तिनं मला, तुमची दाढ दुखली की बोला, असं सुनावलं. माझा स्वभाव हा असा, मी तिथल्या तिथे अबोला धरला आणि मासे घेणं बंद केलं. त्यामुळे पुढचे काही दिवस ती माझ्या दारात आली नाही. नंतर बघितलं तर हे भांडण तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

कारण बाकीच्या दारांत तिला गोळ्या मिळत होत्या. त्या काळी आमच्याकडे प्रत्येक घरच्या फडताळात एक डबा असायचा आणि त्यात ताप-अंगदुखीच्या गोळ्या. पाहुण्याला चहा विचारावा तशी दुखणाईताला गोळी विचारत. शिवाय प्रत्येकीला आपली गोळी म्हणजे काहीतरी खास वाटायची. चिमाकाकूंचे यजमान मिरजोळ्याच्या कारखान्यात, तर त्यांची गोळी कारखान्यातून आलेली. राहीचा भाऊ मुंबईत औषधाच्या दुकानात, तिची गोळी चकचकीत कागदातली. कुणाची पिवळ्या वेष्टनातली, कुणाची नुसत्याच पुडीत बांधलेली. सगुणा गाल धरून दारात आली की चिमाकाकू गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायच्या. "माझ्यासमोर घे बघू." सगुणा घ्यायची. पुढच्या दारात राही म्हणायची, "त्यांची गोळी साधी गो, ही मुंबईची." सगुणा तीही घ्यायची. निघताना प्रत्येकीकडून आणखी एखादी पदराच्या टोकाला बांधून मिळे, रात्री ठणका लागला तर असावी म्हणून. सगळ्यांचा जीव होता तिच्यावर, त्यात खोट नव्हती. आणि गोळ्यांनी दाढ थोडी गप्प बसायची, म्हणून सगुणाही दुवा देत पुढच्या दारात जायची.

असे चार-पाच दिवस गेले. मग एका सकाळी तिची हाक आली ती निम्मीच. एरवी "मावरा घ्या गो" हे आळीच्या तोंडाशी सुरू व्हायचं आणि चढण संपेपर्यंत पुरायचं. मी दार उघडलं, तर सगुणा माझ्याच पायरीवर बसलेली, पाटी शेजारी तिरकी झालेली. ओकून ओकून तिचा चेहरा उतरला होता. पोटाच्या उजव्या बाजूला हात दाबून धरला होता.

अबोला तिथेच सुटला. मी पाणी आणलं, तोवर चिमाकाकू आल्याच. "पित्त झालंय. थांब, माझ्याकडची गोळी देते."

"काकू, आता कुणी काही देऊ नका," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. का ते मलाही माहीत नव्हतं, पण ज्या बाईच्या पोटात पाणी ठरत नाही तिला गोळी कसली देता, एवढंच मनात आलं. रिक्षा बोलावली आणि तिला फणसळकर डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबलं. उजवीकडे बरगडीखाली हात लागताच ती कळवळली.

"औषध काय घेतलंत?"

"एकेकच गोळी घेतली, डॉक्टर. जास्त नाय."

"एकेक म्हणजे?"

"एका दारात एक. एका दारात दोन कुणाच्याच गिळल्या नाय. बाकीच्या घरी नेऊन घेतल्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिला अगदी हळू विचारलं, "दारं किती?"

सगुणा बोटांवर मोजायला लागली. पहिला हात संपून दुसऱ्या हातावर आली तेव्हा डॉक्टर उठले. तिला तडक सिव्हिलला न्यायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तुम्ही आळीत जा. जिनं जिनं गोळी दिली तिच्याकडून कागद घेऊन या. फाटका असला तरी चालेल."

माझ्या पायांत त्या दिवशी कुठून बळ आलं देव जाणे. एकेक दार वाजवत गेले. राही म्हणाली, "माझ्या गोळीनं काही होणार नाही, मुंबईची आहे ती." मी म्हटलं, "आधी कागद दे, मुंबईचं नंतर बघू." चिमाकाकू सगळा डबाच माझ्या हातात देऊन पायांत चपला न घालता माझ्यामागून निघाल्या.

सिव्हिलमध्ये सगुणाला सलाइन लावलं होतं. डॉक्टरांनी ते कागद बाकावर मांडले. वरची मोठ्या अक्षरातली नावं सगळी निरनिराळी होती. डॉक्टर म्हणाले, "नाव सोडा. खालची बारीक ओळ वाचा." मी वाचली. पॅरासिटामॉल. दुसऱ्यावर, पॅरासिटामॉल. तिसऱ्यावरही तेच. चिमाकाकूंच्या कारखान्याची आणि राहीच्या मुंबईची गोळी एकच निघाली. पुडीतल्या गोळीवर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि डॉक्टर सगळ्यात जास्त चिडले ते तिच्यावर. "ही कसली ते देणारीला माहीत नाही, घेणारीला माहीत नाही," असं म्हणून त्यांनी ती पुडी कचऱ्यात टाकली.

"म्हणजे आम्ही तिला विष घातलं का हो?" चिमाकाकूंनी विचारलं. त्या रडत होत्या.

"नाही. औषध चांगलं आहे. ताप उतरवायला, डोकं-अंग दुखलं तर यासारखं साधं औषध नाही, मी रोज देतो. पण पाचशेची एक, फार तर दोन गोळ्या घ्यायच्या, मग सहा तास थांबायचं. सगळ्या दिवसात मिळून आठच्या वर कधीच नाही. ही बाई पंधरा-सोळा घेत होती, आणि तेही उपाशी. लिव्हरनं सोसायचं किती? आणि सुरुवातीला काही कळत नाही, तेच फसवं आहे."

मी विचारलं, "वाचेल ना?"

"आलीय वेळेत असं वाटतं. पण दोन-तीन दिवस काही बोलता येणार नाही. लिव्हर सावरलं तर पूर्वीसारखं होतं." नाही सावरलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

होडी लागताच महिपत धावत आला. दर्यावर असायचा तसा अर्ध्या चड्डीत, अंगाला खाऱ्या पाण्याचा वास. डॉक्टरांनी त्यालाही सोडलं नाही. "तू पितोस ना? मग तुझ्यासारख्याला याहून कमी गोळ्या बाधतील. अंग दुखलं की विचारल्याशिवाय घेऊ नकोस." तो मान डोलवत राहिला, पण त्याचं लक्ष सगळं खाटेकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सगुणाचे डोळे पिवळे झाले. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा आरसा तिनं मागून घेतला आणि बघून ठेवून दिला. "दाढ काढली नाय तरी गेले डोळे," म्हणाली. दिवसभर मग ती भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा मीच त्यांना सांगितलं, हिला नीट समजावा. ते खाटेवर बसले. "हा पिवळा रंग गोळ्यांचा. तो जाईल. दाढेचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही. रोज लोकांच्या वरच्या दाढा काढतात, ते सगळे आंधळे होऊन घरी जातात का?" सगुणा जरा विचार करून म्हणाली, "नाय, तसा असता तर कळला असता."

इकडे आळी घाबरून गेली होती. सगळ्याजणी फडताळातल्या गोळ्या फेकायला निघाल्या, त्यात राहीच्या मुलाला ताप भरला आणि ती त्याला काहीच द्यायला तयार होईना. मुलगा तापानं फणफणतोय आणि आई गोळ्यांचा डबा गच्चीवर ठेवून आलेली. मीच तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुलाचं वजन केलं, मुलांचं पातळ औषध दिलं, किती आणि किती वेळानं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ताप उतरला आणि राहीच्या जिवात जीव आला. तेव्हापासून आमच्याकडे कुणी कण्हलं, की गोळी काढायच्या आधी "सकाळपासून काय घेतलंस?" हे विचारायची रीत पडली. पुडीतल्या गोळ्या मात्र कायमच्या गेल्या.

सगुणा सावरली. आधी ओकाऱ्या थांबल्या, मग भूक लागली, मग डोळ्यांतला पिवळेपणा धुतल्यासारखा निघून गेला. रक्ताची तपासणी चांगली आल्यावरच डॉक्टरांनी तिला दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. दाढ निघाली तेव्हा मी सोबत होते. तोंडात कापूस धरलेली सगुणा बाहेर आली, एक डोळा हातानं झाकून रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. मग माझा हात धरला आणि स्टँडापर्यंत सोडला नाही.

शिमगा उलटल्यावर ती पाटी घेऊन आली. हाक पहिल्यासारखीच, थोडी हवा जाणारी. सगळ्याजणी आपापल्या दारांत उभ्या होत्या. पहिलं घर चिमाकाकूंचं. काकूंना काय करू नि काय नको असं झालेलं. त्या तांब्या आणि एक बाटली घेऊन पुढे आल्या. "ताकदीच्या गोळ्या आहेत. एक घे माझ्यासमोर. ह्या लिव्हरला काही करत नाहीत म्हणतात."

सवयीनं सगुणाचा हात पुढे गेला. मग तिनं तो मागे घेतला.

"नको, काकू," म्हणाली.

आणि तशीच उभी राहिली, डोक्यावर पाटी, मान ताठ. आता गिऱ्हाईक तुटणार म्हणून वाट बघत असल्यासारखी. काकूंनी तिच्याकडे बघितलं, बाटली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "बरं. बांगडे ताजे आहेत ना? थांब, ताट आणते."

सगुणानं पाटी उतरवली आणि पदर डोळ्यांना लावला.

वर माझ्या दारात आली तेव्हा मी चहा केला होता. "नको वयनी, काकूंकडं झाला," म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या दारात कुणी नको म्हटलं तर मला राग आलाय. त्या दिवशी आला नाही. उलट ते ऐकायला म्हणून मी मुद्दाम पुन्हा विचारलं.