एकेचाळीस पानं

त्यांनी माझी वही उघडलीच नाही. तळहातावर ठेवून दोनदा वरखाली केली, गुळाची ढेप जोखावी तशी. मग विचारलं, "किती पानं?"

"एकेचाळीस."

मी बाहेर ओट्यावर उभा. ते आत आरामखुर्चीत. पनवेलच्या बाजारात त्यांचा छापखाना. पुस्तकं काढायचे, गावात मोठा मान. मी गव्हाणकडच्या मिठागरात राबणाऱ्या बाईचा मुलगा, नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर झालेला. त्या वहीत माझी आई होती. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढणारी. पायांच्या भेगांत मीठ गेलं तरी न थांबणारी.

"छापून सोळा-सोळा पानांचे दोन फर्मेसुद्धा भरायचे नाहीत," ते म्हणाले. "कादंबरीला बारा लागतात. आणि तुमच्या लोकांच्या आयुष्यात बारा फर्मे भरतील एवढं घडतं तरी काय?"

आतून कोणीतरी हसलं. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हाच वही उचलून निघायला हवं होतं. मी म्हणालो, "भरतो, साहेब."

दोन वर्षं भरत राहिलो. चांदणं घातलं. आईने जन्मात न पाहिलेली बाग घातली. बाप तिच्याशी कधी धड बोलला नव्हता, त्याच्या तोंडी पानंच्या पानं प्रेम घातलं. आई दर रविवारी विचारायची, "बाला, माजं पुस्तक जालं का?" मी म्हणायचो, थोडं राहिलंय.

वाचून दाखवलं तेव्हा तिने अंथरूण धरलं होतं. डोळे मिटून ऐकत होती. बागेपाशी तिने मला थांबवलं.

"ही बाय कोन?"

"तूच, आई."

"मी नाय ती." तिने डोळे उघडले. "फावडी खोल घातलीस, बाला. चिकल आला."

मिठागरात वरचं पांढरं मीठ हलक्या हाताने ओढतात. रास मोठी दिसावी म्हणून फावडी दाबली की तळाचा चिखल वर येतो, सगळी रास काळी पडते. हे तिनेच मला लहानपणी शिकवलं होतं.

मूळची वही शाळेच्या कपाटात होती. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो. परत आलो तर दारात माणसं जमलेली.

ती वही दोन वर्षं तयार होती. मी तिला ऐकवली नाही. एका माणसाच्या मापात बसवायच्या नादात माझ्या आईला तिचं पुस्तक ऐकायला मिळालं नाही. हे दुःख मी कुणावर ढकलू?

तेरावं झाल्यावर पनवेलला गेलो. या वेळी ओट्यावर थांबलो नाही. आत जाऊन त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसलो.

"किती झाली?"

"एकेचाळीस."

"वाढवली नाहीस?"

"वाढवली होती. फाडली."

"मग छापणार कोण हे?"

मी वही उघडली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागलो. ते उठून आत गेले. मी रिकाम्या आरामखुर्चीसमोर शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मगच उठलो.

अजून कुणी छापलेलं नाही. वही माझ्या पेटीत आहे. ज्याला छापायची असेल त्याने आधी उघडून वाचावी. बेचाळिसावं पान मी लिहिणार नाही.