फाटकाबाहेरची आंघोळ

आई गेली त्या दिवशी घरमालकाने फाटकाला आतून कुलूप लावलं.

आम्ही तिला सेवाग्रामच्या दवाखान्यातून वर्ध्याला आणलं होतं. गाडी फाटकासमोर थांबली. मी उतरले, कडी वाजवली. मालक व्हरांड्यात उभे होते. जवळ आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण बॉडी आत नका आणू. पुढच्या हप्त्यात पोरीचं साक्षगंध आहे, मुलाकडचे येतील. तुम्ही सरळ गावाला न्या."

बॉडी. त्यांच्या घरात सगळे तिला आजी म्हणायचे.

त्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आम्ही गोंड. गाव गिरडच्या पलीकडे. वडील गेल्यावर आईला मी इथे आणलं आणि गावातलं घर चुलतभावांच्या हाती गेलं. तिथे आता आमचं काही नव्हतं.

खोली घेताना मालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं. मग जरा थांबून विचारलं, तुमच्यात काय काय खातात. मी खाली बघून म्हटलं, भात-भाजी. आत आल्यावर आई म्हणाली, "घरमालक सोडून सारं खातो, असं सांगाचं होतं न वं." आणि एकटीच हसत बसली. मला हसू आलं नाही. मला मालकीणबाईंचा हेवा वाटत होता. असा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नसेल.

आईने आल्या आल्या आमच्या उंबऱ्यापुढे शेणाचा सडा टाकला. फरशीवर. मालकीणबाई धावत आल्या. डाग पडतात म्हणाल्या. आईने शेण सोडलं, पण रोज सकाळी साधं पाणी शिंपडून ती बोटभर रांगोळी काढायचीच. वाकलेली असली की स्वतःशी गोंडीत काहीतरी बोलायची.

मागच्या वर्षी मालकांचे वडील वारले. त्यांनाही दवाखान्यातूनच आणलं. फाटकाचे दोन्ही पल्ले सताड उघडले. अंगणात मांडव पडला, गल्ली खुर्च्यांनी भरली. समोरच्या घरातून चहा आला. शेवटच्या आंघोळीचं पाणी घरात तापवत नाहीत, बाहेर चूल मांडून तापवतात. त्या घरात चूल मांडण्याची सवय कोणाला राहिली नव्हती. आईने विटा लावल्या, काड्या पेटवल्या, पाणी तापवलं. फरशी काळी झाली. त्या दिवशी डागाबद्दल कोणी बोललं नाही.

मी बाजूला उभी होते. मालकीणबाई मोठ्याने रडत होत्या आणि शेजारच्या दोघींनी त्यांना धरलं होतं. म्हाताऱ्याला नेताना पाय आधी की डोकं आधी, यावर घरातल्यांचा थोडा वाद झाला. मला वाटलं, असा वाद घालायलासुद्धा दार लागतं. मला त्या मेलेल्या माणसाचा हेवा वाटला.

संध्याकाळी हात धुताना आई म्हणाली, "मानूस आपल्या दारातून गेला. अजून का पाह्यजे? मले बी इथूनच नेजो. गावाले नको नेऊ. तिथं आता आपलं दार नाई."

मी हो म्हटलं. आपलं दार इथेही नाही, हे तिला सांगितलं नाही. तिने रांगोळी काढली होती, म्हणून ते तिचं झालं होतं.

आता कुलूप होतं. ड्रायव्हर घाई करत होता, त्याला दुसरीकडे जायचं होतं. गाडीत आईची धाकटी बहीण, माझी मावशी, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "चाल बाई, गावाले नेऊ. काऊन भांडतं मोठ्या लोकाइशी?"

मी भांडत नव्हते. मी आयुष्यात कोणाशी भांडले नाही. विचारलं तेवढं सांगावं, पुस्तक जागेवर ठेवावं, असंच जगत आले. त्या फाटकाकडे बघताना एवढंच कळलं की मी आज मान हलवून गाडीत बसले, तर पुढे कायम बसूनच राहीन.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "इथंच उतरवा."

आईला फाटकासमोर, रस्त्यावर ठेवलं. समोर एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथल्या मजूर बाया काम टाकून आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, आडनावही नाही. एकीने विटा आणल्या, एकीने फळ्यांचे तुकडे. ड्रममधलं पाणी दिलं. मग चौघीजणी चार बाजूंना साड्या धरून उभ्या राहिल्या. मावशी गाडीतून उतरली आणि चूल पेटवायला बसली. ड्रायव्हरने गाडी बंद केली.

धूर वर गेला तसे मालक गॅलरीत आले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या बाई. रस्त्यावर असं करता?"

मी म्हटलं, "तुमच्या अंगणात नाही करत. रस्ता तुमचा नाही."

मी एवढंच बोलले. ते आत गेले, दार लावलं. मावशीने गोंडीत रडायला सुरुवात केली, गल्लीभर ऐकू जाईल असं. एकेक खिडकी बंद होत गेली. मी आईच्या पायांवर पाणी घातलं. तिची टाच भेगाळलेली होती, त्यात रांगोळीची पांढरी रेघ बसलेली. ती निघेना. मी घासत राहिले. तेव्हाही डोक्यात शांती नव्हती. तिकडे मांडव होता, इकडे परक्या बायांच्या साड्या. हेवाच होता.

आईला तिथूनच नेलं; परत आले तेव्हा फाटकाचं कुलूप काढलेलं होतं. तेरवी झाल्यावर मालकांनी खोली सोडायला सांगितलं. अगदी नरमाईने. घरच्यांना त्रास होतो म्हणाले.

मी खोल्या बघते आहे. कोणी काही विचारायच्या आधी मीच विचारते, "तुमच्याकडे भाडेकरू मेला, तर फाटक उघडाल का?" लोक दचकतात. रामनगरातल्या एक बाई म्हणाल्या, कसलं अशुभ बोलता. एकाने मला चांगल्या डॉक्टरला दाखवायला सुचवलं. ग्रंथालयातली मैत्रीण म्हणते, असं विचारशील तर शहरात खोली मिळायची नाही. गावाकडचे म्हणतात, परत ये.

परत जाणार नाही. शहराला माझं काम चालतं, माझं भाडं चालतं, माझं मरण चालत नाही. ते त्यांना चालवून घ्यावं लागेल. करारनाम्यात विजेचं लिहितात, भिंतीत खिळे ठोकू नका असं लिहितात. त्याखाली हेही लिहून घेईन. लिहून देतील तिथेच राहीन.

मालकांच्या मुलीचं साक्षगंध तेरवीच्या आधीच झालं. मी मागच्या खोलीतच होते. बाहेर पाहुणे हसत होते, मला हेवा वाटला.

अजून कोणी हो म्हणालेलं नाही. मी विचारते आहे.