चिंचेखालचा वर्ग

मोशीहून दूध घालायला येणाऱ्या म्हातारबांनी मागच्या महिन्यात दारातच सांगितलं, "बाई, धोंडिबा मुकादम गेले. चार दिस झाले." मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. चार दिवस... आणि मला पत्ताही नाही. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की त्यांच्याशी बोलायचं राहूनच गेलं.

त्यांची नि माझी ओळख झाली तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखाना नुकताच उभा राहिला होता. वसाहतीतली घरं नवी, रस्ते नवे. जुनी होती ती फक्त झाडं. त्यांची देखभाल धोंडिबांकडे असे. कुठली फांदी उतरवायची, कुठल्या खोडाला टेकू द्यायचा, कुठे वाळवी लागली, हे बघत ते दिवसभर सायकलवरून फिरत. शाळेला खोल्या अपुऱ्या होत्या, म्हणून माझी तिसरी आवारातल्या थोराड चिंचेखाली भरे. गार सावली, मुलं खूश, मीही खूश.

एका फाल्गुनात ते वर्ग चालू असतानाच आले. लाकडी मोगरीनं खोड ठोकत, कान लावत झाडाभोवती सावकाश फिरले. बुंध्याला चिकटलेली टणक अळंबी त्यांनी नखानं खरवडून पाहिली. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, पोरं हितं बसवू नगा. आतनं पोकळ हाय."

"अहो, पानं बघा किती हिरवीगार आहेत!"

"पानं हिरवीच ऱ्हात्यात. आतलं दिसत न्हाई."

हेडमास्तरांनी कारखान्याच्या ऑफिसात विचारलं. साहेबांचं उत्तर आलं, धोका असेल तर झाड पाडा, नसेल तर विषय बंद करा. धोंडिबांना पाडायचं नव्हतं. वरचा भार उतरवला तर चिंच अजून पुष्कळ वर्षं जगेल, त्यासाठी चार माणसं द्या, एवढंच त्यांचं मागणं. तो अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून राहिला आणि वर्ग चिंचेखालीच भरत राहिला. दुसरी जागा होती कुठे?

तेव्हापासून ते रोज प्रार्थनेआधी येऊ लागले. बुंध्याजवळच्या मातीला भेग गेली आहे का, कालच्यापेक्षा रुंदावली आहे का, ते वाकून बघत. त्यांचा चेहरा बघून माझाही जीव टांगणीला लागे. फळ्यावर लिहिताना वर काही करकरलं की खडू थांबायचा. हळूहळू मुलांनाही ती धास्ती लागली. वर बघत पाढे म्हणू लागली.

चैत्रातल्या एका दुपारी वारं सुटलं आणि धोंडिबा सायकल टाकून धावत आले. "उठा, उठा, पळा!" त्या गडबडीत एक मुलगी पडली, तिचा गुडघा फुटला, रडारड झाली. थोड्या वेळानं वारं पडलं. चिंच जागच्या जागी. माझा तोल गेला. सगळ्या मुलांदेखत मी म्हटलं, "मुकादम, तुम्ही भित्रे आहात. तुमच्यापायी माझी पोरंही भित्री झाली."

ते मान खाली घालून ऐकत होते. "व्हय बाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. परवानगीची वाट न बघता कमरेला दोर बांधून ते एकटेच चिंचेवर चढले. मला कळलं तशी मी धावले. दोन फांद्या त्यांनी दोरानं अलगद खाली सोडल्या होत्या. तिसरी, नेमकी वर्गावर येणारी, करवत लागताच बुडापासून फाटली आणि त्यांना घेऊनच खाली आली. मुलं बसायची तिथंच... त्या फांदीच्या पोकळीत नुसता भुसा होता. कोपरापर्यंत हात आत गेला असता.

त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. जीव वाचला, पण सायकल सुटली, काम सुटलं, ते मोशीला परतले. उरलेला भार मग ऑफिसनं मुकाट्यानं उतरवून घेतला. चिंच आजही उभी आहे. मी मात्र भेटायला जाईन जाईन म्हणत दोन वर्षं घालवली. कुठल्या तोंडानं जाणार होते?

शेवटी मोशीला त्यांच्या घरी गेले ती अशी, ते नसताना. सोनाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, पाणी दिलं आणि आपणहूनच सांगू लागल्या, "कारखान्याच्या आदी ते सडकंच्या झाडांवर कामाला व्हते. एका वडाला 'धड हाय' म्हनले. आठ दिसांनी फांदी पडली. खाली भाजी इकणारी बाई बसली व्हती... न्हाई वाचली. तवापासनं वारं सुटलं की त्यांना घास जात नव्हता."

मला राहवेना. "मी त्यांना भित्रे म्हटलं होतं हो. पोरांदेखत."

"ठावं हाय. त्याच दिशी घरी येऊन सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनले, बाईंनी बराबर वळखलं."

दाराशी त्यांची खाट अजून तशीच होती, अंगणातली आवळी पडल्यापडल्या दिसेल अशी तिरकी लावलेली. सोनाबाई मला तिच्यावर बसा म्हणत होत्या. मी खाली जमिनीवर बसले.